निकालाचा सर्व्हर: दुपारी एकच्या आधी काय काय करून ठेवायचं

दहावीच्या निकालाची गर्दी हळूहळू वाढत नाही, ती एका मिनिटात येते. म्हणून आधी आकडा मांडा. १५ लाख विद्यार्थ्यांपैकी निम्म्यांनी पहिल्या १० मिनिटांत निकाल पाहिला आणि प्रत्येकाच्या ३ रिक्वेस्ट (सर्व्हरकडे केलेल्या मागण्या) धरल्या, तर सेकंदाला सरासरी ३,७५० होतात. पहिल्या मिनिटासाठी त्याच्या चौपट, म्हणजे १५,००० धरा. इथे ऑटोस्केलिंगच्या, म्हणजे गर्दी वाढली की आपोआप नवे सर्व्हर जोडण्याच्या, भरवशावर राहू नका. नवा सर्व्हर उठून हेल्थ चेक (सर्व्हर नीट चालतोय ना याची तपासणी) पास होईपर्यंत काही मिनिटं जातात, आणि नेमकी तीच मिनिटं महत्त्वाची असतात. लागतील तेवढे सर्व्हर सकाळीच चालू करा.

डेटाबेस या वाटेतून काढूनच टाका. एकदा लागलेला निकाल त्या तासाभरात बदलत नाही. एका निकालाला ४ केबी धरले तरी सगळे मिळून ६ जीबी. रेडिसमध्ये, म्हणजे मेमरीत माहिती ठेवणाऱ्या झटपट साठ्यात, आरामात मावतात. बैठक क्रमांक ही ‘की’ (निकाल शोधायची खूण), आणि आईचं नाव जुळवताना मागचीपुढची स्पेस काढून, सगळी अक्षरं स्मॉल करून मग जुळवा. मोबाइलचा कीबोर्ड नावापुढे स्पेस टाकतो आणि बरोबर माहिती भरलेलं मूल अडकतं. डेटाबेस ठेवायचाच असेल तर कनेक्शन मोजा: ८ सर्व्हर, प्रत्येकी ४ प्रोसेस, प्रत्येकीचा १० कनेक्शनचा पूल (तयार ठेवलेला साठा), झाले ३२०. पोस्टग्रेस या डेटाबेसची मूळ मर्यादा १०० आहे. मध्ये पीजीबाउन्सर बसवा, तो थोडीच कनेक्शन सगळ्यांत वाटून वापरतो.

एनजिनएक्सकडे, म्हणजे रिक्वेस्ट आधी घेऊन मागे पाठवणाऱ्या वेब सर्व्हरकडे, नीट बघा, कारण सीपीयू निवांत असताना साइट पडते ती बहुतेक इथे. मागच्या अ‍ॅप सर्व्हरकडे कीपअलाइव्ह (तेच कनेक्शन उघडं ठेवून पुन्हा वापरणं) नसेल तर प्रत्येक रिक्वेस्टला नवं कनेक्शन लागतं आणि बंद झालेलं ६० सेकंद टाइम-वेटमध्ये, म्हणजे आपला पोर्ट अडवून, पडून राहतं. लिनक्सकडे अशा कनेक्शनसाठी मुळात २८,२३२ पोर्ट (कनेक्शनला दिले जाणारे क्रमांक) असतात. म्हणजे एका अ‍ॅप सर्व्हरकडे सेकंदाला साधारण ४७० च्या पुढे गाडी सरकत नाही. ओपन फाइल्सची (कनेक्शनही त्यांतच मोजली जातात) १०२४ ची मर्यादाही वाढवा, पण सिस्टिमडीच्या (लिनक्सवर सर्व्हिस चालवणाऱ्या व्यवस्थेच्या) सर्व्हिस फाइलमध्ये. टर्मिनलमध्ये वाढवलेली मर्यादा सर्व्हिसला लागू होत नाही.

लोड टेस्ट (खोटी गर्दी पाठवून घेतलेली चाचणी) दोन-तीन मशीनवरून, वेगवेगळे बैठक क्रमांक देऊन करा. एकच क्रमांक दिला तर कॅशमुळे (आधीचं उत्तर जपून ठेवल्यामुळे) सगळं छान दिसतं. टेस्ट चालू असताना एक सर्व्हर मुद्दाम बंद करून पाहा. डीएनएसचा टीटीएल (साइटचा पत्ता इतरांनी किती वेळ लक्षात ठेवायचा ती मुदत) आदल्या दिवशीच ६० सेकंदांवर आणा. सगळ्या सर्व्हरची घड्याळं एनटीपीने (नेटवर्कवरून वेळ जुळवणाऱ्या पद्धतीने) जुळलेली हवीत, नाहीतर एक सर्व्हर दोन मिनिटं मागे राहतो आणि एकाच वर्गातल्या दोघींपैकी एकीलाच निकाल दिसतो.

शेवटी संदेश तपासा. सर्व्हरवर ताण आला असेल तर ५०३ (‘सेवा सध्या उपलब्ध नाही’ असा कोड) द्या आणि ‘गर्दी आहे, तुमचा निकाल सुरक्षित आहे, दोन मिनिटांनी पुन्हा बघा’ असं साध्या पानावर लिहा. रेडिसकडून वेळेत उत्तर आलं नाही म्हणून ‘निकाल सापडला नाही’ असं कधीही दाखवू नका; ते वाक्य पंधरा वर्षांचं मूल वाचणार आहे.