चायनाटाउनच्या पार्किंगमध्ये नऊ जणांची व्हॉलीबॉल स्पर्धा कशी भरवावी

सहाच्या संघात तीन खेळाडू वाढवले की ‘नाइन-मॅन’ झाला, अशा समजुतीने आखलेली स्पर्धा पहिल्याच सामन्यात अडखळते. या खेळाचं मैदान, नेटची उंची, खेळाडूंची मांडणी आणि कोण खेळू शकतो याचे नियम, सगळंच वेगळं आहे.

जुन्या सुदूर पूर्व स्पर्धांमध्ये (पूर्व आशियाई देशांच्या क्रीडा स्पर्धांमध्ये) व्हॉलीबॉलचा संघ आधी 16 जणांचा, मग 12 चा आणि पुढे 9 चा झाला. दक्षिण चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातल्या तायशान भागात हा नऊ जणांचा खेळ गावोगाव रुजला. तिथून अमेरिका-कॅनडात गेलेले लॉन्ड्री आणि हॉटेलांतले कामगार तो सुटीच्या दिवशी चायनाटाउनच्या, म्हणजे तिथल्या चिनी वस्त्यांच्या, गल्ल्यांत खेळत. 1958 च्या टोकियो आशियाई स्पर्धांत सहा आणि नऊ हे दोन्ही प्रकार शेजारीशेजारी होते. नंतर जगाने सहाचा धरला, चायनाटाउनने नऊचा सोडला नाही. उत्तर अमेरिकेतली मोठी निमंत्रितांची स्पर्धा 1944 पासून चालत आली आहे. ती सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारला जोडून येणाऱ्या सुटीत भरते आणि बोस्टन, न्यूयॉर्क, टोरांटो, सॅन फ्रान्सिस्को अशी शहरं आलटून पालटून यजमान होतात. आपली स्पर्धा स्थानिक, 16 संघांची असेल तर पुढचा हिशेब उपयोगी पडेल.

जागा

मैदान 20 मीटर लांब, 10 मीटर रुंद. सहाच्या मैदानापेक्षा लांबीला दोन आणि रुंदीला एक मीटर जास्त. बाजूंना किमान 2 आणि मागे 3 मीटर मोकळी जागा धरली तर एका मैदानाला 26 बाय 14 मीटर लागतात.

डांबरी पार्किंग सपाट दिसतं, पण पाणी वाहून जावं म्हणून त्याला मुद्दाम उतार दिलेला असतो. आदल्या दिवशी बादलीभर पाणी ओतून ते कुठे धावतं ते पाहा. उतार मैदानाच्या लांबीच्या दिशेने असला तर बाजू बदलताना तो दोघांच्या वाट्याला येतो. आडवा असेल तर नेटचं एक टोक खाली जातं आणि खांबाखाली फळी घालावी लागते. मैदान शक्यतो उत्तर-दक्षिण आखा, नाहीतर सकाळ-संध्याकाळचं ऊन एकाच संघाच्या डोळ्यांत जातं.

आखणी दोरी आणि खडूने करा. कर्ण 22 मीटर 36 सेंटिमीटर भरला पाहिजे, आणि दोन्ही कर्ण सारखे आले तरच कोपरे काटकोनात आहेत. चिकटपट्टी आखणीसाठी बरी वाटते, पण दुपारी डांबर तापलं की गोंद सुटतो आणि पट्टी बुटाला लागून निघते. रेषांवर पाण्याने निघणारा फवारा-खडू मारलेला बरा.

नेट

उंची 2 मीटर 35 सेंटिमीटर, पुरुषांच्या नेहमीच्या नेटपेक्षा 8 सेंटिमीटर कमी. माप मधोमध घ्या, कारण नेट तिथेच झोळ खातं. बाजारातलं नेट साधारण साडेनऊ ते दहा मीटरचं असतं, आणि इथे खांब रेषेबाहेर असल्याने ते तोकडं पडतं. नुसती दोरी वाढवून भागवलं तर दोन्ही टोकांना फट राहते, आणि चेंडू त्यातून गेला की पंचाभोवती गर्दी जमते. अकरा मीटरचं नेट आधीच सांगून करून घ्या.

डांबरात खुंट्या ठोकायची परवानगी सहसा मिळत नाही. जुन्या टायरात पाइप उभा करून काँक्रीट ओतलेले बैठे खांब चालतात, पण नेट ताणलं की ते आत झुकतात. प्रत्येक खांबामागे पाण्याने भरलेलं 200 लिटरचं पिंप ठेवून त्याला ताण द्या आणि ताणाच्या दोरीला भडक फडकी बांधा, नाहीतर चेंडूमागे धावणारा त्यात अडकतो.

महिलांचे सामने सहाच्या संघाचेच असतात: 9 बाय 18 मीटर, नेट 2 मीटर 24. त्यांना स्वतंत्र मैदान द्या. एकाच खांबावर दिवसभर नेट वरखाली करण्यात वेळ जातो, आणि तिसऱ्या वेळेला कोणीतरी चुकीच्या खुणेवर बांधतोच.

नियम कागदावर

नाइन-मॅनमध्ये खेळाडू जागा बदलत फिरत नाहीत. सहाच्या सामन्यांत मुरलेले पंच सवयीने जागा चुकल्याची शिट्टी मारतात, म्हणून त्यांची आदल्या संध्याकाळी बैठक घ्या. ब्लॉकचा (नेटपाशी हात उंचावून चेंडू अडवतानाचा) स्पर्श संघाच्या स्पर्शांत मोजायचा का, नेटला लागलेला चेंडू पुन्हा कोण खेळू शकतो, उडी मारून सर्व्हिस चालेल का, सर्व्हिसचा क्रम कसा लिहायचा, या चार प्रश्नांची उत्तरं छापून प्रत्येक कर्णधाराला द्या.

सर्वांत नाजूक मुद्दा वंशाचा. मोठ्या स्पर्धेत मैदानावरच्या नऊपैकी किमान सहा जण पूर्ण चिनी वंशाचे आणि उरलेले आशियाई वंशाचे असावे लागतात. मिश्र कुटुंबांतली मुलं यामुळे दुखावतात, आणि त्यांचं म्हणणं रास्तच आहे. तुम्ही हाच नियम ठेवा किंवा सैल करा, पण नोंदणीच्या वेळी ठरवा. सार्वजनिक जागा असेल तर आधी वकिलाला विचारा. हरकती पहिल्या सर्व्हिसआधी संपल्या पाहिजेत. हरल्यावर समोरच्याचं आडनाव तपासणं शोभत नाही.

वेळापत्रक

चारचे चार गट, प्रत्येकात 6 सामने, एकूण 24. चार मैदानांवर, सरावासकट 50 मिनिटांचा एक सामना धरला तर पाच तास होतात. क्रम असा लावा: एक-तीन, दोन-चार, एक-चार, दोन-तीन, तीन-चार, एक-दोन. यात काहींना लागोपाठ दोन सामने येतातच, तीन मात्र कोणालाच येत नाहीत. न खेळणाऱ्या दोनपैकी एका संघाने रेषा आणि गुण सांभाळायचे. बाद फेरी दुसऱ्या दिवशी ठेवा, एका दिवसात सगळं कोंबलं तर अंतिम सामना अंधारात जातो.

16 संघांतल्या 240 खेळाडूंना प्रत्येकी 4 लिटर धरलं तर दिवसाला हजारेक लिटर पाणी लागतं, म्हणजे 19 लिटरचे पन्नासेक जार. पेटीत सलाइन आणि जाळीची पट्टी भरपूर ठेवा, कारण डांबरावर सूर मारणाऱ्यांचे गुडघे सोलतातच. चेंडू सावलीत ठेवा, उन्हात त्यांचा दाब वाढतो.

सिंहनृत्य आणि वडीलधारे

सिंहनृत्य (सिंहाचं सोंग घेऊन केलेलं पारंपरिक चिनी नृत्य) उद्घाटनालाच घ्या, आणि मैदानाबाहेर. सिंहाने फाडून उधळलेली लेट्यूसची पानं आणि फटाक्यांचा लाल कागदी चुरा बुटाखाली आला की पाय सटकतो, त्यामुळे लगेच झाडून घ्यायला दोन माणसं नेमा. फटाक्यांना अग्निशमन दलाची परवानगी लागते. सामने सुरू झाल्यावर ढोल बंद, नाहीतर नऊ जणांना एकमेकांची हाक ऐकू येत नाही.

घराण्यांच्या मंडळांतल्या (एकाच आडनावाच्या चिनी कुटुंबांच्या संघटनांतल्या) ज्येष्ठांना सावलीत, मधल्या रेषेच्या टोकाशी खुर्च्या द्या. घोषणा इंग्रजीसोबत तायशानी किंवा कँटोनीज या चिनी बोलींतही व्हाव्यात. त्यासाठी त्यांच्यातल्याच एखाद्या जुन्या खेळाडूच्या हाती माइक द्या. फक्त चालू सामन्यात त्यांना पंचांच्या निर्णयावर बोलू देऊ नका, ते बोलणारच असतात.