शेजारी देण्यासाठी दिवाळीचे डबे: चिवडा, लाडू, पाक आणि दूधमसाला

वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत नाशिकच्या वाड्यांतून आणि सोसायट्यांतून रुमालाने झाकलेली फराळाची ताटे जिन्यांवरून सतत वरखाली होत असतात. लक्ष्मीपूजनापर्यंत प्रत्येक घरात चार-पाच ठिकाणच्या चकल्या, करंज्या आणि शंकरपाळे जमतात, आणि मोठ्या मायेने केलेला एखादा पदार्थ कुणी नीट चाखण्याआधीच सादळून जातो. म्हणून शेजारी द्यायचे पदार्थ निवडताना ते सण उलटल्यावरही पंधरा दिवस चांगले राहतील का, हे आधी पाहावे. पदार्थाचे टिकणे त्यातील पाण्याच्या अंशावर अवलंबून असते: चिवड्यात तो अंश उरू द्यायचा नसतो, तर पाकात तो साखरेने बांधून ठेवायचा असतो. पुढील चार पदार्थ याच हिशेबाने घेतले असून त्यांची प्रमाणे चार ते सहा घरांना पुरतील अशी आहेत.

चिवड्याची तयारी कांद्यापासून करावी. दिवाळीच्या सुमारास बाजारात चाळीत साठवलेला उन्हाळ कांदा आणि नुकताच निघू लागलेला नवा लाल कांदा असे दोन्ही मिळतात. त्यांतला उन्हाळ कांदाच घ्यावा. एप्रिल-मेमध्ये निघून लासलगाव-पिंपळगावकडच्या चाळींत पाच-सहा महिने राहिलेल्या या कांद्यात पाणी कमी असते, त्यामुळे तो तळल्यावर कडक होतो. नवा कांदा तेलात आधी शिजतो आणि मग लाल होतो, म्हणून तो थंड झाला की पुन्हा मऊ पडतो. ४ मध्यम कांदे उभे, एकसारखे पातळ चिरून सुती कापडावर दिवसभर उन्हात पसरावेत आणि दुसऱ्या दिवशी मध्यम आचेवर बदामी रंगावर तळावेत. कढईतून काढल्यावरही त्यांचा रंग थोडा चढतो, तेव्हा हवा त्याहून फिका असतानाच झारा उचलावा.

५०० ग्रॅम पातळ पोहे चाळून तासभर उन्हात ठेवावेत आणि दोन घाण्यांत मंद आचेवर सात-आठ मिनिटे भाजावेत. झाऱ्याने ढवळल्यास पोह्यांचा चुरा होतो. त्याऐवजी कढई दोन्ही हातांनी धरून हलवावी. चार पोहे मुठीत दाबून पाहावेत. ते न वाकता कुरकुरत मोडले म्हणजे भाजणे पुरे झाले. दुसऱ्या मोठ्या कढईत १५० मिलिलिटर तेल तापवून त्यात २०० ग्रॅम शेंगदाणे, ७५ ग्रॅम सुक्या खोबऱ्याचे काप आणि १०० ग्रॅम पंढरपुरी डाळे एकामागून एक तळून बाजूला काढावेत. उरलेल्या तेलात मोहरी, जिरे, हिंग, ठेचलेल्या २० लसूण पाकळ्या, ८ हिरव्या मिरच्यांचे तुकडे आणि मूठभर कढीपत्ता घालावा. या टप्प्यावर घाई मुळीच करू नये. मिरची आणि कढीपत्ता यांत ओल राहिली तर दोन दिवसांत सगळा चिवडा सादळतो, म्हणून मिरचीचा तुकडा झाऱ्यावर आपटताच टणक आवाज येईपर्यंत थांबावे. मग आच बंद करून हळद, २ चमचे धणे-जिरे पूड, मीठ आणि ३ चमचे पिठीसाखर घालावी, पोहे व तळलेले सर्व जिन्नस हलक्या हाताने मिसळावेत आणि कांदा सर्वांत शेवटी घालावा.

पहिल्या वर्षी मी चिवडा कोमट असतानाच डबे बंद केले होते. वरून तो गार वाटत होता, परंतु मधली ऊब डब्यात कोंडली, झाकणाला आतून पाणी सुटले आणि शेजारच्या काकूंनी डबा उघडला तेव्हा वरचा थर ओलसर निघाला. तेव्हापासून चिवडा मोठ्या परातीत पसरून निदान तीन तास ठेवल्याशिवाय मी तो भरत नाही. पाव किलो चिवड्याला दीड ते दोन लिटरचा डबा लागतो, हेही आधी ध्यानात घ्यावे. भांडी बाजारात घट्ट झाकणाचे स्टीलचे डबे मिळतात, पण सणाच्या आठवड्यातील गर्दीपूर्वी ते आणून, धुऊन, उन्हात वाळवून ठेवलेले बरे.

कोणत्या घरी काय चालते, याची चौकशी पदार्थ करण्यापूर्वी करावी. चातुर्मास कार्तिकी एकादशीला, म्हणजे दिवाळीनंतर, संपतो. त्यामुळे तो पाळणाऱ्या घरांत ऐन दिवाळीतही कांदा-लसूण वर्ज्य असतो. जैन शेजाऱ्यांकडे कंदमुळांबरोबर ओले आलेही चालत नाही. या घरांसाठी कांदा-लसूण नसलेला घाणा सर्वांत आधी, स्वच्छ कढईत आणि नव्या तेलात करावा.

रव्याच्या लाडवात ओला नारळ चवीला उत्तम लागतो. मात्र असे लाडू चार-पाच दिवसांतच संपवावे लागत असल्याने देण्याच्या डब्यात ते नकोत. ५०० ग्रॅम बारीक रवा १५० ग्रॅम तुपात खमंग वास सुटेपर्यंत भाजावा. ४०० ग्रॅम साखरेत २०० मिलिलिटर पाणी घालून एकतारी पाक करावा, त्यात वेलदोड्याची पूड, तुपात फुगवलेले बेदाणे आणि रवा घालून दोन-तीन तास झाकून ठेवावे व मग लाडू वळावेत. मिश्रण कोरडे पडले तर दुधाऐवजी दोन चमचे कढत पाणी शिंपडावे, कारण दुधाने लाडू लवकर खराब होतात.

फराळाच्या गोड-तळकट माऱ्यानंतर आले-लिंबाचा पाक जितका आवडीने संपतो तितका दुसरा कोणताही पदार्थ संपत नाही, असा माझा अनुभव आहे. १०० ग्रॅम आले किसून, पिळून त्याचा रस एका वाटीत दहा मिनिटे स्थिर ठेवावा. वाटीच्या तळाशी पांढरा साका बसतो. वरचा स्वच्छ रसच अलगद ओतून घ्यावा, नाहीतर बाटलीत गढूळ थर दिसतो. १ किलो साखर आणि ४०० मिलिलिटर पाणी उकळत ठेवावे, त्यात चमचाभर लिंबाचा रस घालावा म्हणजे पाकात पुढे साखरेचे खडे धरत नाहीत. पाक बोटांना चिकट लागू लागला की आल्याचा रस घालून दोन उकळ्या काढाव्यात आणि भांडे उतरवावे. लिंबाचा २५० मिलिलिटर गाळलेला रस मात्र पाक पूर्ण गार झाल्यावरच मिसळावा. गरम पाकात तो घातला तर ताजेपणा जाऊन कडवट चव येते. थोडे सैंधव घालावे. काचेच्या बाटल्या पाण्यात दहा मिनिटे उकळून पूर्ण कोरड्या झाल्यावर पाक भरावा. एवढ्या पाकात २०० मिलिलिटरच्या सहा बाटल्या भरतात. पाक फ्रिजमध्ये महिनाभर राहतो. जैन घरांसाठी आल्याऐवजी भाजलेल्या जिऱ्याची पूड वापरावी.

दूधमसाल्याला फारसा वेळ लागत नाही. १०० ग्रॅम बदाम कोमट भाजून पूर्ण गार करावेत, त्यांत ५० ग्रॅम पिस्ते, १५ ग्रॅम वेलदोडे, अर्धे जायफळ, चिमूटभर केशर आणि २ चमचे साखर घालून मिक्सर थांबवत-थांबवत फिरवावा. तो सलग फिरवल्यास बदामाला तेल सुटून मसाल्याचा गोळा होतो.

प्रत्येक डब्यावर पदार्थाचे नाव, केल्याची तारीख आणि कधीपर्यंत वापरावा ते लिहावे. शेंगदाणे, सुकामेवा किंवा साखर कुणाला वर्ज्य असू शकते, म्हणून मुख्य जिन्नसही लिहावेत. बाटलीवर ‘एका ग्लासाला २ मोठे चमचे, फ्रिजमध्ये ठेवावे’ आणि मसाल्यावर ‘एका कपाला १ चमचा’ एवढी सूचना पुरे. डबे शक्यतो वसुबारसेलाच पोचवावेत, कारण तेव्हा घरोघरी फराळ व्हायचाच असतो आणि आपल्या पदार्थाला जागा मिळते. शेजारचा डबा रिकामा परत करू नये, ही आपल्याकडची रीत आहे. परंतु एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांना या रीतीचे ओझे होते. त्यांना काचेच्या बरणीत पदार्थ द्यावा आणि बरणी परत करायची नाही, हे देतानाच सांगावे.