नीटची तयारी : आमच्या इंदूरच्या घरातली यादी

एकाच हप्त्यात ओळखीतल्या तीन घरांचे फोन आले, नीटची, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेची, तयारी काय काय करायची, तर म्हटलं एकदाच लिहून टाकते. अभ्यासाचं मला फार विचारू नका, मी कॉमर्सवाली, लेकीची बायोलॉजी धरून ऐकता ऐकता मलाच झोप लागायची. पण तिनं दोनदा पेपर दिला, दुसऱ्यांदा 2025 ला, आता खंडव्याला सरकारी मेडिकल कॉलेजात आहे, आणि ह्या दोन वर्षांत मला एक कळलं की अभ्यासाकडे बघायला भंवरकुआंला कोचिंगचे सर लोक बसलेत, बाकीच्या गोष्टींकडे मात्र घरातल्याच कोणीतरी बघावं लागतं, आणि मुलं जिथे अडकतात ते बहुतेक ह्या बाकीच्यातच.

तर पहिलं काम कागदांचं, आणि ते फॉर्म निघायच्या आधी, फॉर्म निघाल्यावर नाही. दहावीची मार्कशीट आणि आधार शेजारी ठेवा आणि नाव अक्षर अक्षर जुळवा. आपल्या मराठी घरांत हा घोळ हमखास असतो, कारण इथल्या शाळेत नाव आणि आडनाव एवढंच लागलेलं आणि आधार काढताना आजोबांनी मधे वडिलांचं नाव घातलेलं. आमचं तेच होतं, आधार दुरुस्त करायला दोन चकरा झाल्या. मग मूलनिवासी, म्हणजे डोमिसाइल. हा दाखला एमपीच्या काउन्सेलिंगला (सीटा वाटतात तेव्हा) लागतोच, सरकारी कॉलेजातल्या 85 टक्के सीटा राज्याच्या कोट्यात जातात आणि ऑल इंडियाला 15, म्हणजे आपला खरा आधार तो 85 वाला. आणि कृपा करून पुण्याच्या काकांच्या भरवशावर राहू नका, आपण घरात कितीही मराठी बोललो तरी दहावी-बारावी इथली आणि डोमिसाइल इथलं, महाराष्ट्राच्या कोट्यात आपल्याला जागा नाही. ओबीसी किंवा ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) असेल तर दाखला ताजा आहे का बघा, आणि केंद्राच्या नमुन्यातला वेगळा असतो तोही काढून ठेवा.

भाषेचं पण ऐका, हे फार कमी लोकांना माहीत असतं. नीट 13 भाषांत होते, त्यात मराठी आहे, हे ऐकून आमच्या सासूबाई फार खूश, म्हणाल्या मराठीत घे पेपर. पण मराठी पेपर फक्त महाराष्ट्रातल्या सेंटरवर मिळतो, इंदूरला बसायचं तर इंग्लिश, हिंदी नाहीतर उर्दू. हिंदी घेतली तर पेपरमधे हिंदी-इंग्लिश दोन्ही छापलेलं असतं आणि काही फरक निघाला तर इंग्लिशचं धरतात. कोचिंगमधे जे शब्द रोज कानावर पडून राहिलेत तीच भाषा टाका, इथे अस्मिता वगैरे आणू नका. मोबाइल नंबर आणि ईमेल मात्र घरचाच द्या. आमच्या ओळखीतल्या एका मुलाचा फॉर्म सायबर कॅफेवाल्यानं स्वतःच्याच ईमेलवर भरला, करेक्शनच्या विंडोत ते दोन्ही बदलत नाही, मग पुढे ओएमआरची (गोळे भरायच्या उत्तरपत्रिकेची) कॉपी त्या ईमेलवर आली आणि घरचे त्या कॅफेवाल्याला शोधत फिरून राहिले होते. फोटो पांढऱ्या बॅकग्राउंडचा, आणि फॉर्मला लावला त्याच फोटोच्या सहा-आठ पासपोर्ट आणि चार-सहा पोस्टकार्ड साइझच्या प्रती एकदमच काढून पाकिटात घाला, पुढे प्रत्येक ठिकाणी तोच मागतात.

पुस्तकांबद्दल एवढंच की दादाची जुनी पुस्तकं वापरा पण आधी एनएमसीचा (मेडिकल शिक्षणाच्या सरकारी आयोगाचा) सिलॅबस छापून भिंतीवर लावा. 2024 पासून बरंच कमी झालंय, केमिस्ट्रीतलं सॉलिड स्टेट, पॉलिमर, मेटलर्जी गेलं, बायोलॉजीतलं डायजेशन गेलं, आणि मुलं अजून जुन्या मॉड्यूलमधे तेच घासून राहिलीत. उलट काही गोष्टी सिलॅबसमधे आहेत पण नव्या एनसीईआरटीत (शाळेच्या सरकारी पुस्तकांत) नाहीत, जसं वनस्पतींच्या काही फॅमिली, त्या वेगळ्या लिहून काढाव्या लागतात. फिजिक्समधे प्रॅक्टिकलचं पण एक युनिट आहे, व्हर्नियर, स्क्रू गेज वगैरे, ते कोणी वाचत नाही. बायोलॉजी 90 प्रश्नांची आहे म्हणून एनसीईआरटी ओळन् ओळ, आकृतीखालचं बारीक अक्षर सुद्धा, हे सगळेच सांगतात आणि खरंच आहे, पुढे जाते.

जास्त बोलायचंय ते मॉकबद्दल, म्हणजे सरावाच्या पेपरांबद्दल. पेपर दुपारी 2 ते 5 असतो, आणि आमची लेक रात्री दोनपर्यंत जागून अभ्यास करणारी, दुपारी जेवून कूलरसमोर आडवी होणारी. पहिल्या वर्षी पेपर देऊन आली आणि म्हणाली आई, चार वाजता मला वाचलेलं कळतच नव्हतं. दुसऱ्या वर्षी मार्चपासून दर रविवारी दोन वाजता जेवणाच्या टेबलावर पेपर, घड्याळ हाताला नाही कारण तिथे घालू देत नाहीत, भिंतीवरचं बघायचं, ओएमआर प्रिंट काढून काळ्या पेनानं खरे गोळे भरायचे, मोबाइलवर टिकमार्क चालणार नाही. 180 प्रश्न, 180 मिनिटं, 720 मार्क. कोणी तुम्हाला 200 मिनिटं आणि सेक्शन बीतले (तेव्हाच्या निवडीच्या भागातले) पाच सोडायचे असं सांगत असेल तर ते 2025 च्या आधीचं आहे, आता सगळे सोडवायचे. तिचं गणित असं होतं की बायोलॉजी 50 मिनिटांत, केमिस्ट्री 50, फिजिक्सला तासाच्या वर, आणि गोळे शेवटी एकदम नाही, प्रत्येक पानानंतर भरायचे.

आणि मॉक झाल्यावर चुकांची वही. त्यात तीनच रकाने, आलंच नाही, येत होतं पण चुकलं, आणि नीट वाचलंच नाही. हा तिसरा रकाना बघून मी हबकले होते, करेक्ट विचारलंय की इनकरेक्ट एवढंच न बघितल्यामुळे एका पेपरात सात प्रश्न गेले होते. येत असलेलं चुकलं की चार मिळायचे ते जातात आणि वर एक कापला जातो, म्हणजे पाच, सात प्रश्नांचे 35. नवीन धडा वाचून 35 मार्क वाढवायला किती दिवस लागतील ते तुम्हीच बघा. ही वही वाचायची, पुढचा मॉक त्यानंतरच. रंगपंचमीची गेर (रंगांची मिरवणूक) बघायला मात्र जाऊ द्या हो, एका दिवसानं काही होत नाही, मी नाही म्हटलं होतं आणि ती दिवसभर तोंड फुगवून बसली, अभ्यास तसाही झाला नाहीच.

लाइटचं सांगायचं राहिलं. 4 मे 2025 ला इथे दुपारी वादळ आलं, कितीतरी सेंटरवर लाइट गेली, मुलांनी अंधारात पेपर लिहिला, प्रकरण हायकोर्टाच्या इंदूर बेंचपर्यंत गेलं पण शेवटी परत परीक्षा काही झाली नाही. म्हणून मी म्हणते एक-दोन मॉक पंखा, लाइट बंद करून द्या. आणि खरंच तिथे तसं झालं तर मूल लाजत बसायला नको, हात वर करून सांगायचं, जागा किंवा उजेड मागायचा, तेही घरी बोलून ठेवा.

शेवटच्या हप्त्यात अॅडमिट कार्डच्या दोन-तीन प्रती. फोटो आणि डाव्या अंगठ्याचा ठसा घरून, पण एक सही तिथे इनविजिलेटरसमोरच करायची असते, उत्साहात घरी करून टाकू नका. सेंटर आदल्या दिवशी त्याच वेळेला जाऊन बघा, मॅपवर 20 मिनिटं दिसतं आणि रिंग रोडला 50 लागतात. गेट 1:30 ला बंद म्हणजे बंद. अर्ध्या बाह्यांचे साधे कपडे, चप्पल, बूट नाही, कानातलं नाही, खजराण्याहून आणलेला हातातला दोरा सुद्धा घरीच सोडा, गणपती समजून घेईल. तिथे नवसाचा उलटा स्वस्तिक काढायचा तर आदल्या हप्त्यात काढून या. ओरिजिनल आधार, पारदर्शक बाटली. पेन तिथे मिळतो. त्या दिवशी पोहे-जलेबी नाही, साडेअकराला मऊ वरणभात आणि दही, एवढंच.

पेपर झाल्यावर पुस्तिका घरी आणता येते, ओएमआर नाही. त्या रात्री पुस्तिका मी कपाटात कुलूप लावून ठेवली आणि आम्ही छप्पन दुकानला जाऊन खाऊन आलो, उत्तरं दुसऱ्या दिवशी जुळवली.