ई-लिक्विडमधला गोडवा: बाटलीत काय आहे ते कसं ओळखायचं

ई-लिक्विड म्हणजे ई-सिगरेटमध्ये तापवून वाफ ओढण्यासाठी (म्हणजेच ‘व्हेप’ करण्यासाठी) भरायचं द्रव. त्याच्या बाटलीवर चार नावं ठरलेली: प्रॉपिलीन ग्लायकॉल (पीजी), व्हेजिटेबल ग्लिसरीन (व्हीजी), निकोटीन आणि ‘फ्लेवर’. पहिल्या तिघांचं प्रमाण सहसा छापलेलं असतं. भानगड चौथ्या शब्दात आहे. एका फ्लेवरमध्ये डझनभर रसायनं असू शकतात आणि गोडी आणणारा पदार्थही बहुतेक वेळा त्यातच दडलेला असतो.

ही माहिती आधीपासून व्हेप करणाऱ्या प्रौढांसाठी आहे. ज्यांनी कधी सिगरेट ओढली नाही, त्यांनी या वाटेला जाऊच नये.

‘फूड ग्रेड’ वाचून निश्चिंत होऊ नका

हा शिक्का पोटासाठी असतो, फुप्फुसांसाठी नाही. लोण्याचा वास देणारं डायअसिटाइल खाण्यात सर्रास वापरलं जातं. पण २००० साली अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात पॉपकॉर्न कारखान्याच्या कामगारांमध्ये त्याच्या वाफेशी जोडलेला गंभीर आजार उघड झाला. त्यात फुप्फुसातल्या बारीक श्वासनलिका कायमच्या आक्रसतात. २०१५ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी ई-सिगरेटचे ५१ फ्लेवर तपासले, तेव्हा ३९ मध्ये डायअसिटाइल सापडलं.

कस्टर्ड, बटरस्कॉच, क्रीम अशा चवी घेणाऱ्यांनी म्हणून उत्पादकाकडे प्रयोगशाळेचा अहवाल मागावा आणि त्यात नावांपेक्षा सीएएस क्रमांक (प्रत्येक रसायनाला दिलेला ठरावीक ओळख क्रमांक) बघावेत, कारण एकाच रसायनाला चार नावं असतात. लोण्यासारख्या चवीची ही तीन शोधा: डायअसिटाइल ४३१-०३-८, असिटाइल प्रोपिऑनिल ६००-१४-६, असिटॉइन ५१३-८६-०. ‘डायअसिटाइलमुक्त’ असं ठळक लिहून त्याच्या जागी असिटाइल प्रोपिऑनिल घातलेलं असू शकतं. ते डायअसिटाइलचं सख्खं भावंड आहे, धोकाही तसाच. अहवालात ‘आढळलं नाही’ असेल, तर कोणत्या मर्यादेपर्यंत शोधलं तेही वाचा. मर्यादाच ढोबळ असेल तर त्या शब्दांना अर्थ नाही.

गोडी आणणाऱ्या पदार्थांपैकी सर्वाधिक वापर सुक्रालोजचा (५६०३८-१३-२). उत्पादकाच्या सुरक्षितता पत्रकात (रसायनाचे धोके सांगणाऱ्या कागदात) ते सापडेलच असं नाही, कारण तिथं धोकादायक वर्गातले घटकच नोंदवणं बंधनकारक असतं आणि सुक्रालोज त्या वर्गात बसत नाही. तेव्हा उत्पादकाला सरळ विचारा: ‘सुक्रालोज आहे का आणि किती टक्के?’ गोलमोल उत्तर आलं तर ‘आहे’ असंच धरून चाला.

सुक्रालोज तापल्यावर काय होतं

सुक्रालोज म्हणजे क्लोरीन जोडलेली साखर, साखरेच्या सुमारे ६०० पट गोड. पीजी १८८ अंश सेल्सिअसला उकळतं, व्हीजी २९० अंशांना. सुक्रालोज मात्र सुमारे १२० ते १२५ अंशांपासूनच फुटायला लागतं, म्हणजे बाकीचं द्रव उकळायच्या आधीच. त्यातून हायड्रोजन क्लोराइड सुटतं आणि ग्लिसरीनसोबत तापल्यास क्लोरोप्रोपॅनॉल ही घातक क्लोरीनयुक्त रसायनं तयार होऊ शकतात.

उरलेलं वाफ होऊन उडत नाही, कॉइलच्या (द्रव तापवणारी तार आणि ते शोषून तिच्यापर्यंत नेणारा कापूस) तारेवर करपून चिकटतं. मग दुष्टचक्र सुरू होतं: काळा थर कापसाची तोंडं बुजवतो, द्रव तारेपर्यंत वेळेवर पोचत नाही, कापूस कोरडा पडतो आणि तापमान एकदम चढतं. अशा वेळी ग्लिसरीनमधून अॅक्रोलीन आणि पीजी-व्हीजी दोन्हींतून फॉर्माल्डिहाइड हे घातक वायू जास्त सुटतात. घसा जळणारा करपट झुरका ही त्याचीच खूण. तसा झुरका आला की वॅट कमी करून रेटत बसू नका, कॉइल बदला.

कॉइलवरून परीक्षा

नवी कॉइल घाला, टँक (द्रवाची टाकी) भरून दहा मिनिटं थांबा, मग कॉइलवर छापलेल्या वॅटच्या खालच्या टोकाला चालवा. ५ मिलि द्रव संपल्यावर कॉइल काढून उजेडात बघा. साध्या, पारदर्शक फळांच्या चवीत कापूस फिकट तपकिरी राहतो. सुक्रालोज असेल तर तारेवर काळा, कडक, किंचित चकाकणारा थर दिसतो. कॉफी, चॉकलेट आणि तंबाखूचे अर्कही कॉइल काळी करतात, म्हणून नुसत्या रंगावर निकाल देऊ नका. दुसरी खूण बघा: फ्लेवरचा वास विरला तरी ओठांवर गोडवा रेंगाळतो. द्रव जिभेवर टाकून मात्र कधीही चाखू नका, त्यात निकोटीन असतं.

तयार कॉइल धुऊन फारसं साधत नाही. करपलेला थर पाण्यात विरघळत नाही, वर कापूसही खराब झालेला असतो. हाताने बांधलेली कँथलची (लोखंड-क्रोमियम-अॅल्युमिनियम मिश्रधातूची) तार असेल तर कापूस काढून कमी वॅटवर थोडी थोडी तापवा, थंड झाल्यावर ब्रशने राख झाडा आणि नवा कापूस घाला. निकेल किंवा टायटॅनियमची तार अशी कधीच तापवू नका.

घरी मिसळत असाल तर

स्वयंपाकघरातली साखर, मध, गोडीच्या गोळ्या किंवा पुड्या बाटलीत घालू नका. सुक्रालोज आणि स्टीव्हियाच्या पुड्यांमध्ये बहुतांश भरणा डेक्स्ट्रोज किंवा माल्टोडेक्स्ट्रिनचा असतो. तो काही झुरक्यांतच करपतो.

मिश्रणासाठी मिळणारं द्रावण बहुधा पीजीमधलं १० टक्के सुक्रालोज असतं. ३० मिलि बाटलीत ते १ टक्का म्हणजे ०.३ मिलि घातलं, की अंतिम मिश्रणात सुक्रालोज ०.१ टक्का होतं. हे आकडे फक्त समजायला. आमच्या मते ते न घालणंच शहाणपणाचं. व्हीजी मुळातच साखरेच्या साधारण ६० टक्के गोड असतं. आधी त्याचं प्रमाण ५० वरून ६०-७० टक्क्यांवर नेऊन बघा. द्रव दाटेल, म्हणून बारीक छिद्रांच्या पॉडमध्ये (छोट्या ई-सिगरेटच्या बदलायच्या टाकीत) हे चालणार नाही.

तेलातला इसेन्स आणि सुगंधी तेलं पूर्ण वर्ज्य. ग्लासभर पाण्यात इसेन्सचे दोन थेंब टाका. तवंग तरंगला तर ते तेल. नुसतं पाणी गढूळ झालं, तर लिंबूवर्गीय अर्कातल्या तेलकट घटकांमुळेही तसं होतं; तरीही ते टाळलेलं बरं. तेल फुप्फुसात साचून न्यूमोनियासारखा विकार होऊ शकतो. २०१९ मध्ये अमेरिकेत व्हेप करायच्या गांजाच्या अर्काच्या कार्ट्रिजमध्ये (भरलेल्या नळकांड्यांत) दाटपणासाठी घातलेल्या व्हिटॅमिन ई अॅसिटेटशी जोडलेली फुप्फुसाच्या आजाराची साथ पसरली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्ण आणि ६८ मृत्यू नोंदले गेले.

पीजी आणि व्हीजी औषधी दर्जाचंच घ्या. त्या दर्जात डायएथिलीन ग्लायकॉल या विषारी भेसळीची तपासणी झालेली असते. निकोटीन हाताळताना नायट्राइल हातमोजे घाला, त्वचेवर सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा. बाटली मुलांच्या हाती लागणार नाही अशी कुलपात ठेवा. मुलाने प्यायल्याची शंका जरी आली तरी लक्षणांची वाट न बघता रुग्णालय गाठा.

खोकला, दम लागणं, छातीत दुखणं, ताप किंवा उलट्या सुरू झाल्या तर व्हेप थांबवा आणि डॉक्टरांना आपण व्हेप करतो हे न लपवता सांगा. जाताना वापरातली बाटली आणि कॉइल सोबत न्या, आणि लेबल फाडलेलं नसेल तर त्यावरचा बॅच क्रमांकही दाखवा.