हुशार मुलाला केजीसाठी तयार करताना या चुका टाळा

विदर्भातील उन्हामुळे नागपूरच्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात, आणि ज्यांचे मूल चौथ्या वर्षीच दुकानांच्या पाट्या वाचू लागले आहे, असे पालक ही लांबलेली सुटी बहुधा वर्कशीट गिरवून घेण्यात घालवतात. माझ्या मते सर्वांत मोठी चूक हीच आहे. अक्षरे ओळखणारी बुद्धी आणि पेन्सिल धरणारी बोटे एकाच वेगाने वाढत नाहीत. या वयात मनगटाची हाडेही पुरती तयार झालेली नसतात, त्यामुळे सहज वाचलेला शब्द लिहिताना मूल रडकुंडीला येते आणि घरचे त्याला आळस समजतात. असे दिसल्यास लेखन काही काळ बाजूला ठेवून कणीक मळणे, भुईमुगाच्या शेंगा फोडणे, संत्रे सोलणे अशी बोटांची कामे त्याच्याकडे सोपवावीत.

आकड्यांच्या बाबतीतही घाई नको. पंचवीस म्हणताना आपण पाच आधी उच्चारतो, म्हणून मूल 52 लिहिते. त्यात त्याचे तर्कशास्त्र असते. रागावण्याऐवजी दहा काड्यांच्या दोन जुड्या आणि पाच सुट्या काड्या त्याच्यापुढे मांडाव्यात.

घरात अखंड बोलणारे मूल शाळेतही स्वतःची गरज सांगेल, असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात अनोळखी बाईंना ‘शू लागली’ एवढे सांगणेही त्याला जड जाते. डबा उघडणे, चड्डीचे बटण लावणे, पाणी मागणे यांचा सराव आधीच करून घ्यावा. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे विदर्भातील लहान मुलांच्या पोळ्याला, लाकडी नंदी घेऊन शेजारी बोजारा (खाऊ किंवा पैसे) मागायला जाताना आईवडिलांनी दोन पावले मागे थांबून मुलालाच बोलू दिले, तर हे धैर्य हळूहळू येते.

काही पालक थेट केजी टूमध्ये प्रवेश मागतात. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात 3 ते 8 वर्षे हा खेळातून शिकण्याचा एकच पायाभूत टप्पा मानला आहे आणि पहिलीचे वय 6 वर्षे आहे; तेव्हा वर्ग गाळून मिळणाऱ्या वर्षापेक्षा समवयस्क सोबती मला अधिक मोलाचे वाटतात. वाचनाची भूक घरी पुस्तकांनी भागवता येते. मात्र पाहुण्यांसमोर त्याला वारंवार हुशार म्हणू नये, कारण ते बिरूद जपण्यासाठी अशी मुले चुकण्याची शक्यता असलेले कामच टाळू लागतात.

शाळा सुरू झाल्यावर ‘कंटाळा येतो’ ही तक्रार आली, की अभ्यासक्रम सोपा असल्याचा निष्कर्ष लगेच काढू नये. डब्याच्या सुटीत शेजारी कोण बसले, शौचालयाची भीती वाटते का, हे विचारले तर कित्येकदा खरे कारण सापडते. फाटकावर मुलाची नजर चुकवून निघून जाऊ नये. घ्यायला केव्हा येणार ते सांगावे आणि रेंगाळू नये. रडणे काही आठवडे चालून भूक आणि झोपही बिघडली, तर वर्गशिक्षिकेशी बोलून बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.