ठिबकच्या नळीतले गणित: गावात राहून गणिती सॉफ्टवेअर लिहू पाहणाऱ्यांसाठी

गणित घेऊन बी.एस्सी. झालेल्या आणि थोडेफार पायथन शिकलेल्या मुलामुलींचा समज असतो की, कोणाच्या गरजेनुसार गणिती सॉफ्टवेअर लिहायचे म्हणजे सूत्र घ्यायचे आणि प्रोग्राममध्ये उतरवायचे. वरूड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात राहून मी हे काम करतो आणि माझ्या मते सूत्र उतरवणे हा त्यातला सर्वांत सोपा भाग आहे. नेमका कोणता आकडा काढायचा हे ठरवणे आणि निघालेला आकडा खरा आहे याची खात्री करणे, यांतच बहुतेक वेळ जातो.

बागायतदार तुमच्याकडे समीकरण घेऊन येत नाही. तो विचारतो, "शेवटच्या झाडाले पानी बरोबर पोचते का नाही, तेवढं सांगा." याचे गणिती रूप असे: पहिल्या आणि शेवटच्या ड्रिपरच्या (ठिबक नळीवरच्या थेंब सोडणाऱ्या तोटीच्या) प्रवाहांत किती टक्के फरक पडतो आणि तो साधारण १० टक्क्यांच्या आत राहतो का? हे रूप त्याला सोप्या शब्दांत समजावून, त्याचा होकार घेतल्याशिवाय कोडची एकही ओळ लिहू नये. पुष्कळदा त्याला खरे तर पंप किती अश्वशक्तीचा घ्यावा हे हवे असते, आणि तो प्रश्न अगदी वेगळा आहे.

नळीतील घर्षणाने दाब किती घटतो हे काढण्यासाठी हेझन-विल्यम्स सूत्र वापरतात. त्यात ही घट प्रवाहाच्या १.८५२ व्या घाताच्या सम प्रमाणात आणि व्यासाच्या ४.८७ व्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. अडचण अशी की ड्रिपरमधून पडणारे पाणी दाबावर अवलंबून असते आणि दाब नळीतून वाहणाऱ्या पाण्यावर, त्यामुळे एका झटक्यात उत्तर मिळत नाही. शेवटच्या ड्रिपरवरचा दाब गृहीत धरायचा, तिथून एकेक ड्रिपर मागे येत प्रवाह आणि घट यांची बेरीज करत नळीच्या तोंडाशी पोचायचे, तिथे आलेला दाब प्रत्यक्ष उपलब्ध दाबाशी ताडून पाहायचा आणि त्यानुसार गृहीतक सुधारायचे. सुधारण्यासाठी द्विभाजन पद्धत पुरेशी आहे: दाब पाण्याच्या स्तंभाच्या उंचीत, म्हणजे मीटरमध्ये मोजतात, आणि ० ते २० मीटरचा पट्टा २० वेळा निम्मा केला की उरणारी अनिश्चितता मिलिमीटरच्याही खाली जाते. न्यूटनची पद्धत वेगवान आहे, पण सुरुवातीचा अंदाज फसला तर ती भरकटू शकते. शेतात चालणाऱ्या प्रोग्रामसाठी मी संथ पण हमखास पद्धतच निवडतो.

आता पडताळणी, जी नवखे लोक शेवटच्या दिवसावर ढकलतात. आतील व्यास १४ मिलिमीटर, लांबी ६० मीटर आणि त्यावर ताशी ४ लिटरचे १०० ड्रिपर अशी एक लॅटरल, म्हणजे झाडांच्या ओळीतून जाणारी ड्रिपरची नळी, घ्या. सगळे ४०० लिटर पाणी शेवटपर्यंत वाहते असे मानले, तर घट सुमारे ३ मीटर येते. वाटेत पाणी कमी होत जाते, म्हणून ख्रिश्चनसेन यांनी १९४२ मध्ये दिलेल्या गुणकाने, येथे सुमारे ०.३६ ने, ती गुणली की सुमारे १.१ मीटर उरते. तोंडाशी १० मीटर, म्हणजे दुकानदारांच्या भाषेत एक किलो, दाब धरून चालवलेल्या प्रोग्रामचे उत्तर याच्या जवळपास आले पाहिजे. ड्रिपरमधले अंतर तेच ठेवून आणि प्रत्येकाचा प्रवाह ठरावीक धरून लांबी दुप्पट केली, तर घट दुप्पट न होता सातपटीहून अधिक व्हायला हवी, कारण लांबीबरोबर प्रवाहही दुप्पट होतो. सर्व ड्रिपरच्या प्रवाहांची बेरीज तोंडाशी शिरणाऱ्या पाण्याइतकीच भरली पाहिजे. मात्र उताराचे चिन्ह उलटे पडले असेल, तर सपाट जमिनीवरच्या या तिन्ही कसोट्या बिनबोभाट पार होतात. म्हणून सगळे ड्रिपर बंद ठेवून, नळी चढावर घेऊन प्रोग्राम चालवावा. तेव्हा वरच्या टोकाचा दाब खालच्या टोकापेक्षा नेमका उंचीतील फरकाइतका कमी यायला हवा.

एककांचा घोळ आमच्याकडे विशेष, कारण शेत एकर-गुंठ्यांत, अंतर फुटांत, नळी मिलिमीटरमध्ये आणि ड्रिपर ताशी लिटरमध्ये मोजला जातो. माहिती आत येतानाच सर्व काही मीटर आणि सेकंदांत बदलून घ्यावे आणि उत्तर बाहेर पडतानाच परत फिरवावे. ताशी लिटरचे सेकंदाला घनमीटर करताना ३६ लाखांनी भागायचे असते. दशांशांचेही तसेच. पायथन आणि जावास्क्रिप्ट दोन्हींत ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३ शी तंतोतंत जुळत नाही, कारण हे अपूर्णांक द्विमान पद्धतीत पूर्णपणे मांडता येत नाहीत. त्यामुळे दोन दाब "समान आहेत का" असे न विचारता त्यांतील फरक पुरेसा लहान आहे का, असे विचारावे.

पुढचा प्रश्न स्वस्तात स्वस्त नळ्या निवडण्याचा. सबमेनचे, म्हणजे लॅटरलना पाणी पुरवणाऱ्या मोठ्या नळीचे, १० तुकडे आणि प्रत्येकासाठी ३ व्यास असतील, तर ५९,०४९ पर्याय होतात आणि संगणक ते सगळे तपासू शकतो. २० तुकड्यांना मात्र ते ३४८ कोटींवर जातात. येथे एक गोष्ट कामी येते: तुकड्यातील प्रवाह ठरला की प्रत्येक व्यासासाठी घट हा एक ठरलेला आकडा होतो, भीतिदायक घातांक बाजूला पडतो आणि प्रश्न पूर्णांकी रेषीय नियोजनाचा, म्हणजे रेषीय अटी पाळून पूर्णांकांतून सर्वांत स्वस्त निवड करण्याचा, उरतो. तो सोडवणारी जीएलपीके किंवा हाय्स (HiGHS) यांसारखी मोफत साधने उपलब्ध आहेत. रेषीय नियोजनाचे प्रश्न सोडवणारी गणितज्ञ डँट्झिग यांची १९४७ ची सिम्प्लेक्स पद्धत आणि नरेंद्र करमरकर यांनी १९८४ मध्ये बेल लॅब्जमध्ये मांडलेली पद्धत अवश्य अभ्यासावी, पण ग्राहकाच्या पैशांनी ती पुन्हा लिहीत बसू नये.

भारनियमन आणि नेटवर्क यांचा भरवसा नसल्याने ठिबकची आकडेमोड करणारा प्रोग्राम मी एकाच एचटीएमएल फाइलमध्ये देतो. ती इंटरनेटशिवाय मोबाइलवर उघडते. मोबदला टप्प्यांत घ्यावा: प्रश्न लेखी ठरल्यावर काही, पडताळणीची उदाहरणे जुळल्यावर काही आणि उरलेला हंगामातील वापरानंतर. ती उदाहरणे फाइलसोबतच ग्राहकाच्या हवाली करावीत, म्हणजे पुढे दुसऱ्या कोणी दुरुस्ती केली तरी आधी ती चालवून पाहता येतील.