तोरणमाळला मित्र रुसला तेव्हा

डिसेंबरात सातपुड्यातल्या तोरणमाळला, यशवंत तलावाजवळ तंबू ठोकला. संध्याकाळी माझा जुना मित्र गप्पच झाला, काहीही विचारा, "तुमचं चालू द्या." बाकीचे त्याची थट्टा करायला लागले, ती मी आधी थांबवली. चारचौघांत चिडलेला माणूस अजूनच मिटतो. पाणी आणायच्या निमित्ताने त्याला बाजूला नेलं. "काय व्हयनं भाऊ?" (काय झालं?) एवढंच अहिराणीत विचारलं आणि थांबलो. शहाद्यापासून घाटभर गाडी त्यानेच चालवलेली, पोटात सकाळचा चहा, आणि आम्ही कुणी विचारलंही नव्हतं. चूक आमचीच. माफी मागितली, माझं घोंगडं दिलं. भरिताची वांगी भाजायला तो आपणहून बसला. साल काळी पडून फुटली, देठाशी रस फसफसला. ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी मोडत म्हणाला, "मिरची अजून टाक." परतताना गाडी मी चालवली.